टाकीतलं तेच पाणी

दाजींच्या हरितगृहात माती औषधालाही नव्हती. टोमॅटोची झाडं कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पिशव्यांत उभी. खत कालवलेलं पाणी नळीतून मुळाशी ठिबकायचं, उरलेलं पन्हळीतून टाकीत यायचं आणि गाळून, खताची भर घालून पुन्हा झाडांनाच मिळायचं. एक थेंब वाया जात नाही, असं दाजींचा मेहुणा येईल त्याला ऐकवायचा. त्याने जन्मभर पंप विकले होते. पाण्याचा विषय निघाला की त्याचा नळ बंद होत नसे.

दाजींची बायको होती तेव्हा ही टाकी अधूनमधून रिकामी व्हायची. विहिरीच्या पाण्यातलं मीठ झाडं फारसं पीत नाहीत, ते फिरून फिरून टाकीत साठतं. फार झालं की ती खालचा व्हॉल्व्ह उघडून सगळं पाणी लव्हाळ्याच्या खड्ड्यात सोडून द्यायची आणि नवं कालवायची. ती गेल्यापासून दाजी व्हॉल्व्हला कुणाला हात लावू देत नव्हते. कारण विचारलं तर पाणीबचत. दात घासताना नळ सोडून पेपर वाचणारा माणूस एकाएकी पर्यावरणाचा कैवारी झाला होता.

खरं कारण लेकीला ठाऊक होतं. त्या टाकीत शेवटचं खत आईने कालवलं होतं. आता त्यात तिच्या हातचं चमचाभर तरी उरलं असेल का, हे दाजींना विचारायची कुणाची छाती नव्हती.

एका सकाळी लेकीने टोमॅटो तोडून त्यांच्या हातात ठेवला. त्याचं बूड काळं पडलं होतं.

"बाबा, पानांच्या कडाही जळल्यात."

"ऊन फार आहे."

"अंगणातली कण्हेर उन्हातच आहे. ती बरी मजेत!"

मेहुण्याने टाकीत खत मोजायचा मीटर बुडवला. "आकडा बघ. हवा तेवढाच आहे. मीटर काय खोटं बोलतो?"

"मामा, तो क्षार किती ते सांगतो, कुठले ते नाही. निम्मा आकडा मिठानेच भरलाय. तुम्ही आकडा बघून खत घालायचं थांबता, म्हणजे झाडांच्या वाट्याला निम्मंच खत. ताट भरलेलं दिसतंय, पण त्यात नुसतं मीठ वाढलंय."

मामाने मीटरकडे असं पाहिलं, जणू घरचंच माणूस फितूर झालं.

"बाबा, ही रोपंसुद्धा आईनेच लावलीत," लेक म्हणाली. "पाणी राखलंत तर झाडं जातील. काय ठेवायचं ते तुम्हीच ठरवा."

दाजी ओळीतून एक चक्कर मारून आले. ती असती तर तिने आधी टाकी रिकामी केली असती आणि मग दाजींची बिनपाण्याने केली असती. त्यांनी पाना घेतला. व्हॉल्व्ह गच्च बसला होता. दोनदा पाना घसरला, तिसऱ्यांदा व्हॉल्व्ह फिरला.

पाणी आलं. चहाच्या रंगाचं, भुशाच्या वासाचं. त्यात दुसरं काहीही नव्हतं.

"दाजी, थोडं ठेवू या का?" मेहुणा हळूच म्हणाला. "विरजणापुरतं?"

दाजींना हसू फुटलं. हसता हसता भलतंच झालं. मेहुणा मीटर पुसायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिला. इतका कोरडा मीटर त्याने आधी कधी केला नसेल.

दुपारपर्यंत पिशव्याही साध्या पाण्याने धुऊन निघाल्या. टाकी ताज्या पाण्याने भरली. दाजींनी खताची गोणी फोडली, माप हातात घेतलं आणि सवयीने मागे वळून विचारलं, "किती घालू गं?"

मागे लेक होती.

"मला काय विचारता? गोणीवर लिहिलंय."

दाजींनी चष्मा लावला आणि गोणी उजेडाकडे फिरवली.