दीपासाठी हलकी रायफल

लेकीला, दीपाला, नेमबाजी मीच शिकवणार, असं सुनेत्राने टेक्सासात शुगर लँडला आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. कॉलेजात असताना नागपूरच्या एनसीसीच्या संघातून ती दिल्लीपर्यंत स्पर्धा खेळून आली होती. दीपा दहा वर्षांची आणि अंगाने काडी. म्हणून सुनेत्राने ह्यूस्टनची दुकानं पालथी घातली आणि बावीस कॅलिबरची, एका वेळी एकच गोळी भरायची रायफल निवडली. तिचा धक्का खांद्याला जाणवायचासुद्धा नाही. दीपाच्या मापाने खांद्याला टेकवायचा दस्ताही कापून घेतला.

नवरा, चारुदत्त, दुकानात बरोबर होता. "मोठी रायफल एवढ्यात तिच्या हातात द्यायची नाही हं," सुनेत्रा म्हणाली होती. "पोर एकदा धक्क्याला भ्यायली की संपलं."

"तू एक्सपर्ट, यार. तू म्हणशील तसं."

नेमबाजीच्या रेंजवर सुरुवात झकास झाली. मग सुनेत्रा प्लेनोला बहिणीकडे जाऊन आली आणि सगळं बिघडलं. चाप ओढायच्या आधीच दीपा डोळे घट्ट मिटायची, खांदा मागे घ्यायची. गोळ्या निशाणाचा कागद सोडून मागच्या मातीत. सुनेत्राने कानांना जाड मफ आणले, दस्त्याला गादी शिवली, रायफल खोलून पुन्हा पुन्हा तपासली.

"काय होतंय गं?"

"नथिंग, आई."

एकदा घरी पाहुणे आले असताना चारुदत्त हसत म्हणाला, "बाईसाहेबांचं सिलेक्शनच चुकलंय." सगळे हसले. सुनेत्राही हसली, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच रायफल बदलायला निघाली.

गाडीत दीपा रडायला लागली. "डोन्ट रिटर्न इट. इट्स नॉट द रायफल, आई."

मग हुंदक्यांतून एकेक बाहेर आलं. आई प्लेनोला असताना बाबा तिला बॉसच्या रँचवर घेऊन गेले होते. बॉसने हरणाच्या शिकारीची रायफल तिच्या हातात दिली. बाबा म्हणाले, गो अहेड. चाप ओढताच धक्क्याने दीपा उताणी पडली.

"दे ऑल लाफ्ड. बाबा टू. अँड ही सेड, टेल आई यू फेल ऑफ द सायकल."

खांद्यावरचा तो काळानिळा डाग सुनेत्राने पाहिला होता. सायकलवरून पडले, असं दीपा म्हणाली होती, आणि सुनेत्राने स्वतःच्या हाताने त्यावर बर्फ लावला होता. चारुदत्त तेव्हा शेजारीच उभा होता.

तिने गाडी वळवली आणि घरी येऊन चारुदत्तला सरळ विचारलं.

"बॉसला नाही कसं म्हणणार होतो?" चारुदत्त म्हणाला. "लहानशी गंमत होती."

"ते सोड. मी रोज इथे रायफल खोलून बसायचे आणि तू समोर चहा पीत होतास. लोकांत मला चुकीचं ठरवलंस. पोरीला खोटं पढवलंस."

"सॉरी म्हटलं ना."

"नाही म्हटलंस, चारू. अजून नाही."

त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

सुनेत्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रिकामी रायफल, नुसता चाप, नुसता श्वास. उन्हाळा सरता सरता दीपाचे डोळे उघडे राहायला लागले. एका शनिवारी चारुदत्त बूट घालून दारात आला. "आज मीपण येतो."

दीपाने आईकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "नेक्स्ट टाइम, बाबा," ती गोड हसून म्हणाली.

किती सहज म्हणाली! असं गोड हसत खोटं बोलायला तिला कुणी शिकवलं ते सुनेत्राला पुरतं ठाऊक होतं. तिने गाडी सुरू केली, आणि वाटेत लेकीला काही विचारायचा, आणि तिचं असंच गोड उत्तर ऐकायचा, तिला धीर झाला नाही.