हँडल सोडलेला हात

आखातातल्या या शहरात विमानतळावरून अल नहदाचं घर पंधरा मिनिटांवर. तरी सुझीने जेरार्डला गाडी ऊद मेथावरून घ्यायला लावली. उलटी दिशा, खाडीपलीकडे, वर टोल. "लेकीची परीक्षा घेतेस होय?" एवढंच पुटपुटून त्याने गाडी वळवली. मागे सुट्टीवर आलेली टेसा विलायतेतल्या, लीड्सच्या ऑफिसशी फोनवर बोलत होती. तिला रस्त्याचं भान नव्हतं.

परीक्षाच होती. महिन्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर टेसा बसमधून लीड्स शहर दाखवत होती. एक उंच मनोरा आला, टोकाला क्रूस. सुझीचा पिठाने भरलेला हात क्रूसाची खूण करायला आपसूक कपाळाला गेला.

"मॉम, दॅट्स अ क्लाइंबिंग जिम नाऊ."

सुझीही हसली. पण पोरीच्या गळ्यात आजोबांनी दिलेली क्रूसाची चेन नव्हती, ते तिने पाहिलं. विचारलं, तर कोणी काही बोलत नाही म्हणे, नुसते बघतात. त्यापेक्षा नकोच.

तेव्हापासून सुझीला वसई आठवत राहिली. बाबांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून ती शाळेत जायची. वाटेत वळणावळणावर कुरूस. प्रत्येक कुरसापाशी बाबांचा हात हँडल सोडून कपाळ, छाती, खांदे असा फिरून यायचा. तेवढ्यात सायकल डुगडुगायची आणि ती त्यांचा सदरा घट्ट धरायची. एकदा तर दोघं थेट केळीच्या बागेत. चिखल झटकत बाबा म्हणाले, "आईला सांगू नको."

इथे रस्त्यावर कुरूस कुठला. ऊद मेथातलं चर्चही भिंतीआड, नवख्याला शाळा वाटावी असं. आत मात्र पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी टेसा सिग्नलपासूनच हात तयार ठेवायची.

भिंत दिसू लागली. जेरार्डने खूण केली, सुझीने केली, आणि केस सारखे करायच्या बहाण्याने समोरचा छोटा आरसा उघडला. मागे डेडलाइन, क्लायंट, मंडे मॉर्निंग चालूच. टेसाची नजर सहज खिडकीबाहेर गेली. तिने फोन उजव्या हातातून डाव्यात घेतला. उजवा कपाळाला गेला, छातीला, दोन्ही खांद्यांना, आणि पुन्हा फोनवर आला. वाक्य कुठे तुटलंसुद्धा नाही. आपण काय केलं हे तिला कळलंही नसावं.

जेरार्ड हसून काही बोलणार, तोच सुझीने आरसा मिटला.

"तिला सांगू नको," ती हळूच म्हणाली. गाडी अगदी सरळ चालली होती, तरी तिने सीटची कड घट्ट धरली होती.