दोघींची सुट्टी

"अगो, ठेव तो फोन! इकडं ये, जाळ बघ कसा पेटलाय!" शेजारीण हौसाने पुन्हा हाक मारली, पण नम्रताचं लक्ष कुठे होतं?

रोह्याच्या पुढे, कुंडलिका नदीच्या काठच्या एका शेतात रामवाडीतल्या बायका पोपटी लावायला आल्या होत्या. वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं जाळात उपडं घातलं होतं, आणि शेजारी फुगड्या रंगल्या होत्या. नम्रता तेवढी टेकाडावर रेंज शोधत उभी. घरी नवरा फोन उचलत नव्हता.

तिच्या सासूबाई, जनीबाई, चार वर्षांपूर्वी अर्ध्या अंगावरून वारं गेल्यापासून अंथरुणावर होत्या. औषधं, मऊ भात, कूस बदलणं, सगळं नम्रताच करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ! नवऱ्याने, हरेशने, आज कंपनीत रजा टाकली होती. पण तिने त्याला एकेक काम इतक्यांदा समजावलं, की शेवटी त्यानेच तिला धरून गाडीत बसवलं. आपल्यावाचून आईंचा एक दिवसही निघणार नाही, अशी तिची खात्री होती.

फोन पुन्हा वाजून वाजून बंद झाला. नम्रताने पिशवी उचलली.

"मी निघते. घरी कायतरी झालंय."

"पोपटी तरी खाऊन जा गो!"

"घशाखाली उतरणार हाय का ती?"

ती रस्त्यापर्यंत पोचली आणि फोन वाजला. नंबर हरेशचा, पण आवाज सासूबाईंचा, जड, अडखळता.

"मीच सांगितलं त्याला, उचलू नको म्हणून."

"अहो आई, इथं माझा जीव टांगणीला लागला! जेवलात का? भात..."

"भात नाय. भाकरी खाल्ली, कुस्करून. भाजलेली सुकट, वर मीठ."

"मीठ? अहो, डॉक्टरांनी..."

"सगळा जन्म मिठागरात गेला माझा, आन् आता तुझ्या धाकानं अळणी गिळतेय. तू करतेस तेवढं पोटची पोर करणार नाय गो. पण एक दिवस तरी कुणी सारखं कपाळाला हात लावून बघू नये, असं मला वाटंल का नाय?" त्यांना दम लागला. "आज मी पेशंट नाय. कळलं?"

नम्रता रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसली. आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता रडूच फुटलं. आपल्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, हे टोचलं खरं. पण किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला!

"मग मी येऊ का नको?" तिने नाक पुसत विचारलं.

"संध्याकाळी ये, सगळ्यांसंगं. घाई करू नको. तू आलीस की पडते परत आजारी."

नम्रताने चपला काढल्या आणि उन्हात पाय पसरले. मागून बायका हाका मारत होत्या. तिला ऐकू येत होतं, पण ती जरा वेळ तशीच बसून राहिली.