बारामती ते बारामती, इंदापूरमार्गे

नव्याण्णव साली बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका डेअरीत सुमितची नोकरी कच्ची होती, आणि ती पिकणार की गळणार हे सोमवारी ठरायचं होतं. मालकांनी सांगून टाकलं होतं, "संकलनाच्या खोलीत फॅटचा आकडा भरला, की तो हिशेबाच्या खोलीत आपोआप दिसला पायजे. दिसला तर तू कायम. न्हाय दिसला तर इंदापुरात तुझ्या मामाचा एसटीडी बूथ हायेच."

मामाच्या बूथमध्ये पंखा नव्हता आणि मामा होता. सुमितला कायम व्हायचं होतं.

काम तसं सोपं. दोन खोल्यांच्या मधे बोळ, बोळात एक कॉम्प्युटर, त्यात तीन नेटवर्क कार्डं. म्हणजे तीन दारं. एका दारातून केबल संकलनाला, दुसऱ्यातून हिशेबाला आणि तिसऱ्यातून टेलिफोन लाइनच्या डब्याला. त्या लाइनच्या पलीकडच्या टोकाला डेअरीचं इंदापूरचं शीतकरण केंद्र. कुठल्या दारातून आलेलं कुठल्या दारातून बाहेर काढायचं, एवढंच त्या कॉम्प्युटरला सांगायचं. सुमितने पहिल्यातून आलेलं दुसऱ्यातून काढलं, आणि हिशेबाचे प्रमुख बापूसाहेब बोळात आले.

"मानसिंगच्या खोलीतनं थेट माझ्या खोलीत?"

"व्हय साहेब. मधी नुसता बोळ."

"आज आकडा जाईल. उद्या म्हणंल, माझी वहिवाट हाय."

मानसिंगराव हे संकलनाचे प्रमुख आणि बापूसाहेबांचे चुलत भाऊ. गावाकडे त्यांची बैलगाडी बापूसाहेबांच्या रानातून जायची. गाडी वर्षानुवर्षं जाते म्हणून तहसीलदारांनी ती वाट त्यांना कायमची करून दिली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि बापूसाहेब सख्ख्या जावयालाही दर खेपेला वेगळ्या दाराने घरात घेत.

एवढ्यात मानसिंगराव आले. ते सुमितकडे बघून बोलले. "त्येंच्या उपकाराची वाट मला नकोच, सांग त्येंना. माझा आकडा माझ्या वाटंनं जाईल."

"तुमची वाट कुठली, साहेब?"

"ते तू बघ. शिकलायस न्हवं?"

सुमितने तिसऱ्या दाराकडे पाहिलं. "इंदापूरवरनं आला तर?"

बापूसाहेबांनी वाकून तिसरं दार बघितलं. "इंदापूरवरनं आला तर ते टपाल झालं. टपालाला कोण अडवतंय?"

"इंदापूरला माझं जाणं-येणं हायेच," मानसिंगराव म्हणाले.

मग सुमितने नियम लिहिला: मानसिंगरावांचा आकडा दिसला की इंदापूरला पाठव. इंदापूरच्या मशिनला सांगितलं, हिशेबाचं काही आलं की बारामतीला परत पाठव. मानसिंगरावांनी साडेचार फॅट भरले. साडेचार गेले. हिशेबात काहीच आलं नाही. फोन मात्र आला. पलीकडे इंदापूर केंद्रावरची रेश्मा.

"सुमितभाऊ, हितला दिवा लै लुकलुकतोय. तुमचा एकच आकडा येतोय न जातोय, येतोय न जातोय. घरात भांडण-बिंडण झालंय का त्याचं?"

सुमितने डोक्याला हात लावला. आकडा इंदापूरहून परतला, तरी होता मानसिंगरावांचाच. नियमाने त्याला ओळखलं आणि पुन्हा इंदापूरला धाडलं. अशा माहितीला आयुष्य मोजून दिलेलं असतं, दर मुक्कामाला एकेक कमी होतं. साडेचार फॅट खेपा घालता घालता वाटेतल्या लासुर्ण्याच्या आसपास वारले असावेत.

त्याने नियम बदलला. आकडा कुणाचा, हे विचारायचं नाही. कुठल्या दारातून आला, एवढंच बघायचं. संकलनाच्या दारातून आला तर इंदापूरला, इंदापूरच्या दारातून आला तर हिशेबाला. आता साडेचार फॅट जरा दमल्यासारखे, पण धडधाकट पोचले.

"इंदापूरचाच हाय ना?" बापूसाहेबांनी पडद्याला विचारलं.

"इंदापूरवरनंच," सुमित म्हणाला.

सोमवारी सकाळी रस्त्याच्या कामावरच्या कुणीतरी टेलिफोनची केबल खणून वर काढली. लाइन मेली, आणि मालक चहाचा कप घेऊन बोळात उभे राहिले. सुमितने कुणाला काही सांगितलं नाही. खाली वाकून इंदापूरचा नियमच पुसून टाकला; आता पहिल्या दारातलं सरळ दुसऱ्यातून. मानसिंगरावांनी बटण दाबलं, आणि बोट उचलायच्या आत आकडा हिशेबात हजर.

"वा! कायम," मालक म्हणाले आणि जीपकडे गेले.

जीप एका झटक्यात सुरू होणारी नव्हती. ती बाहेर खाकरत असताना बापूसाहेब सुमितच्या जवळ आले, मागोमाग मानसिंगरावही.

"लाइन तुटलीय म्हणत्यात. मग आकडा आला कुठनं? मालकांना हाक मारू का?"

जीप खाकरली. सुमितला मामाचा बूथ दिसला. बूथमधला मामाही दिसला.

"मोरगाववरनं," तो म्हणाला. "इंदापूरचा रस्ता बंद हाय, म्हणून वळवला."

हे दोघांनाही पटण्यासारखं होतं. रस्ता बंद असला की एसटीसुद्धा वळवतात.

"मोरगावात कुणाच्या रानातनं?" मानसिंगरावांनी विचारलं.

"देवळाच्या मागनं."

"देवाची जागा," बापूसाहेब म्हणाले. "तितं कुणाची वहिवाट पडत न्हाय."

"पर लैच लवकर आला की."

"इंदापूरपेक्षा मोरगाव जवळ पडतं, मानसिंग," बापूसाहेब म्हणाले. आपण कुणाला उत्तर दिलं हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं. तेवढ्यात जीप सुरू झाली आणि गेली.

लाइन दुरुस्त झाली, पण पुसलेला नियम सुमितने पुन्हा लिहिला नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी मानसिंगराव बोळात आले. त्यांनी कॉम्प्युटरवर अर्धा नारळ ठेवला.

"मोरगावला गेलतो. देवळाच्या मागं जाऊन बघून आलो."

सुमित कायम होता, तरी उठून उभा राहिला. "मग?"

"तार कुठं दिसली न्हाय," मानसिंगराव म्हणाले. "चांगली खोल पुरलीय."