भुवया उंचावून दिलेलं उत्तर

धावपट्टीलगतच्या रेडिओच्या खोलीत लीटिया उभ्याउभ्या झुलत होती. बसली की पाठीवरची, कोटाच्या मोठ्या टोपीत निजलेली तान्ही लेक जागी व्हायची. मुलीला लीटियाच्या वारलेल्या वडिलांचं नाव ठेवलेलं, म्हणून गावच्या रीतीप्रमाणे लीटिया तिला ‘बाबा’ म्हणे आणि स्टोव्हपाशी बॅनक, म्हणजे जाड पाव, तळणारी कुडलूआत्या ‘दादा’.

“दादा घोरतोय बघ. तेव्हाही असाच घोरायचा.”

“हळू बोल गं आत्या, बाबा उठतील.”

पायलट कोपऱ्यात गरम बॅनक फुंकून खात होता. खोकी विमानात कधीची भरून ठेवलेली, पण धुकं हटत नव्हतं. तिकडे दूर बर्फावर आर्विड आणि सिग्ने स्कीवरून ध्रुवाकडे निघालेले. त्यांचं अन्न संपत आलं होतं. आज विमान आलं नाही तर सुटकेचं बटण दाबणार, असं आर्विडने सकाळी सांगितलं होतं. बटण दाबलं की मोठं विमान येऊन दोघांना उचलणार आणि मोहीम तिथंच संपणार. लीटियाने त्यांची खोकी स्वतःच्या हातांनी भरली होती. ती दोघं तिला आता घरचीच वाटत.

रेडिओ खरखरला. “लीटिया, धुकं निवळलं का? विमान येतंय ना? ओव्हर.”

तिने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या डोंगराचं टोक लख्ख दिसत होतं! पायलटही उठून हातमोजे चढवत होता. लीटियाला इतका आनंद झाला, की तिने भुवया उंच उंच नेल्या. या बर्फाळ गावात ‘हो’ म्हणायचं ते असंच. त्यासाठी तोंड कोण शिणवतो?

थोड्या वेळाने आर्विडचा आवाज आला, थकलेला. “समजलो. नाही म्हणायला तुझी जीभ रेटत नाहीये. सिग्ने, बटण काढ.”

“अगं ए भुवईवाली!” आत्या ओरडली. “रेडिओला डोळे आहेत का? तोंड उघड!”

लीटियाने माइक ओढला. पण या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येई; तो बोलत होता तोवर तिचं पोहोचणार कसं? तिकडे आर्विड सगळ्यांचे आभार मानत होता, आत्याचे, पायलटचे, अगदी पाठीवरच्या बाबांचेही. लीटिया जागच्या जागी नाचायला लागली. बाबा उठले आणि त्यांनी भोकाड पसरलं.

खट्. तो थांबला.

“दाबू नका! हो! हो! विमान येतंय! हो!”

माइकचं बटण तिने दाबूनच धरलं होतं. ती बोलतच राहिली. डोंगर दिसतोय, विमानाच्या पंख्यावरचं पांघरूण काढताहेत, चॉकलेट वरच्याच खोक्यात आहे. गावात अबोल म्हणून ओळखली जाणारी ती, श्वास घ्यायलाही थांबली नाही.

“लीटिया, माइकचं बटण सोड, म्हणजे त्याला बोलता येईल,” दारातून पायलट म्हणाला. तिने चटकन बोट उचललं.

“...ऐकू आलं! सगळं ऐकू आलं!” आर्विड हसत होता की रडत होता, कळेना. “दाबलं नाही. सिग्ने विचारतेय, ते रडणं कुणाचं? ओव्हर.”

“आमच्या दादाचं,” आत्याने माइकमध्ये तोंड घातलं. “भूक लागलीय त्याला. तुम्हालाही लागली असेल. बॅनक पाठवतेय, गारच खावा लागेल.”

बाहेर पंखे फिरू लागले. लीटियाने बाबांना छातीशी घेतलं आणि धावपट्टी दिसेल अशी खुर्ची वळवून, सकाळपासून पहिल्यांदाच, बसली.