खाऱ्या विहिरींचा परत आलेला लेख

मी एक जुना लेख आहे, कधीच छापून न आलेला. जळगाव जामोदच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, धोतराच्या फडक्यात मला गुंडाळून ठेवले आहे. माझ्या कडा पिवळ्या पडल्या आहेत. घडी उलगडली की अंग दुखते. आता फार बोलवत नाही. तरी मित्रांनो, आलाच आहात तर बसा.

महाराष्ट्र राज्य नवे होते, तेव्हा लक्ष्मीकांत सरांनी मला लिहिले. ते इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला विहिरींचे पाणी गोड, आणि पूर्णा नदीकडे उतरत गेले की खारे. पण गोड नेमके कुठे संपते, हे सरांना कुठे लिहिलेले सापडले नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ते सायकल घेऊन निघाले. विहीर दिसली की पाणी शेंदायचे, चाखायचे आणि टिपून ठेवायचे. शेवटी त्यांनी माझ्या एका पानावर नकाशा काढला आणि त्यात रेघ ओढली. रेघेच्या वर गोड पाणी, खाली खारे.

त्या रेघेकडे उकंडराव डोळे लावून बसले होते. ते खालच्या अंगाच्या एका गावचे शेतकरी. त्यांच्या गावात प्यायचे पाणी नव्हते. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई शेजारच्या गावाहून डोक्यावर पाणी आणत. गावासाठी सरकारी विहीर व्हायची होती. गावाखालच्या एका पडीक विहिरीचे पाणी सरांना गोड लागले होते, म्हणून नवी विहीर तिच्या शेजारीच खोदावी असे सरांचे मत होते. पण जागा ठरवणारे सरकारी ओव्हरसियर साहेब म्हणाले, "मास्तर, नुसत्या सांगण्यावर मला जागा ठरवता येत नाही. कुठे छापून आलेले असेल तर दाखवा."

म्हणून सरांनी मला फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवले आणि पुण्याच्या एका संशोधन त्रैमासिकाकडे पाठवले. पोस्टात टाकण्यापूर्वी त्यांनी मला कपाळाला लावले. ते मी अजून विसरलो नाही.

पुण्यात मी एका उंच गठ्ठ्यात पडून होतो. माझ्यावर दुसरे लेख चढले, त्यांच्यावर तिसरे. मग एका वृद्ध संपादकांनी मला बाहेर काढले. मित्रांनो, ते मला हसले नाहीत. त्यांनी मला दोनदा वाचले, चष्मा काढून डोळे चोळले आणि तांबड्या पेन्सिलीने समासात लिहिले, 'लेख स्वीकारता येत नाही. चव हे मोजमाप नव्हे. शिवाय सगळे पाणी दिवाळीत घेतलेले दिसते. तेव्हा विहिरी पावसाने भरलेल्या असतात. उन्हाळ्यात काय?'

मी परत आलो. सरांनी दारातच उभ्याने ते वाचले आणि मला खाटेखाली सरकवले.

"अहो, काय म्हणालेत ते?" सरांच्या पत्नी प्रेमलाबाईंनी विचारले.

"नको म्हणालेत."

"आणि दुसरं काही?"

"पुण्यात बसून यांना आमच्या विहिरी कशा कळणार?" सर म्हणाले आणि जेवायलाही उठले नाहीत.

खाटेखाली माझ्यावर धूळ बसली. सर शाळेत जात, शिकवत, परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडत. बाजारात उकंडराव भेटले की विचारत, "काय मास्तर, आलं का आपलं छापून?" सर म्हणत, "अजून नाही." मग ते दुसऱ्या गल्लीने बाजाराला जाऊ लागले.

एक दिवस उकंडराव घरीच आले. "काऊन हो मास्तर, रस्ता बदलून राह्यले तुम्ही? मायावर राग हाये का?"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी मला ओढून बाहेर काढले आणि तांबडी अक्षरे वाचून दाखवली. वाचता वाचता त्यांचा आवाज मंदावला. शेवटचा प्रश्न त्यांनी पुन्हा एकदा वाचला, यावेळी स्वतःशीच.

"मंग उन्हायात पाहू न," उकंडराव म्हणाले. "त्यात काय जाते?"

मे महिन्यात सरांनी खामगावच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून पाण्यातले मीठ मोजायचे रसायन आणि काचेची नळी आणली. मला पिशवीत घालून ते उकंडराव आणि कौशल्याबाईंसोबत त्या पडीक विहिरीवर गेले. पाणी पार तळाला गेले होते. उकंडरावांनी बादली सोडली. सरांनी थोडे पाणी पेल्यात घेतले आणि त्यात रसायनाचे थेंब टाकले. पाणी दह्यासारखे पांढरे झाले. उकंडरावांनी बादलीतले ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि थुंकून टाकले.

"खारं हाये, मास्तर."

सर विहिरीच्या काठावर बसले. "मी इथेच खोदायला सांगणार होतो, उकंडराव."

"छापून आलं असतं त खोदलीच असती."

"आन् म्या जलमभर शिव्या देल्ल्या असत्या तुमाले," कौशल्याबाई म्हणाल्या. सर हसले. मी परत आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते.

त्या उन्हाळ्यात सरांनी सगळ्या विहिरींचे पाणी नव्याने मोजले. माझ्यावरची रेघ खोडून तिच्या वरच्या बाजूला दुसरी ओढली. माझी वाक्ये कापून दुसऱ्या कागदावर नेली. तो नवा लेखही एकदा दुरुस्तीसाठी परत आला आणि मग छापला गेला. सरकारी विहीर गावाच्या वरच्या अंगाला झाली. तिचे पाणी पुढच्या मे महिन्यातही पिता आले. अंक हातात पडला तेव्हा सर फक्त म्हणाले, "झालं एकदाचं," आणि दुपारभर झोपले.

छापील अंक कपाटात गेला. मी पेटीत. खोटे कशाला बोलू, वाईट वाटले. माझ्याच अंगातून काढलेला तो, आणि पाहुण्यांना दाखवतात त्याला.

गेल्या दसऱ्याला प्रेमलाबाई पेटी आवरत होत्या. "हे खोडलेलं रद्दीत देऊ का?" त्यांनी विचारले.

"ते नको. हवा तर अंक दे," सर म्हणाले. "अंक पुण्याला लिहिलं तर दुसरा मिळेल. हा कुठून मिळणार?"

मित्रांनो, तुमचेही लिखाण कधी परत येईल. तेव्हा खुशाल रागवा, जेवू नका, भिंतीकडे तोंड करून पडा. पण ते चुलीत घालू नका. राग ओसरला की समासातली अक्षरे सावकाश वाचा. आणि आमच्यासारख्या जुन्या कागदांना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला ठेवा. कसर लागली आहे मला, आणि तिने नकाशाच्या कोपऱ्यापासूनच सुरुवात केली आहे.