मल्लम्माच्या नावाची सीडी

वस्तू बिल देऊन घरी आणली की ती आपली झाली, आता तिचं काय करायचं ते आपण ठरवू, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. परळीच्या गुंडप्पांनाही तसंच वाटत होतं.

गुंडप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. माणूस व्यवहाराला चोख. वजनात खोट नाही, स्टीलच्या भांड्याला तळाशी डाग असला तर तो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचा. दुकानात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळे. नाव घालायची मशीन मल्लम्मा, म्हणजे गुंडप्पांच्या पत्नी, चालवत. त्यांचं अक्षर गोल आणि सरळ होतं. परळीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी स्वयंपाकघरांत तांब्यांवर, डब्यांवर, परातींवर त्यांच्या हातची नावं होती. मल्लम्मा गेल्या आणि ते काम थांबलं. गिऱ्हाईक नाव घालायला सांगे, तेव्हा गुंडप्पा मशीन हातात घेत आणि थोडा वेळ तशीच धरून बसत.

पत्नीच्या मागे त्यांनी दोन कामं केली. एक, गावातल्या लिंगायत मठाला पंगतीची भांडी दिली. प्रत्येक ताटाच्या मागे ‘लिं. मल्लम्मा यांच्या स्मरणार्थ’ असं त्यांनी स्वतः कोरलं; लिं. म्हणजे लिंगैक्य, दिवंगत. हात सवयीचा नव्हता, त्यामुळे प्रत्येक ‘म’ डावीकडे कलला. भांडी देताना त्यांनी सगळ्यांसमोर अट सांगितली होती. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यावीत, घासून परत आणावीत, पण या भांड्यांचं भाडं कुणी कुणाकडून घ्यायचं नाही.

दुसरं काम म्हणजे दुकानामागच्या खोलीतला मुलींचा संगणक वर्ग. ते दोन हजार एक साल होतं. गावोगावी संगणकाचे वर्ग निघत होते, पण त्यांची फी भरणं सगळ्यांना जमत नव्हतं. एकदा छापखान्यात पडद्यावर मराठी अक्षरं उमटताना पाहून मल्लम्मा म्हणाल्या होत्या, आपल्या पोरींना हे आलं पाहिजे. तेवढ्यावरून गुंडप्पांनी वर्ग काढला. शिकवायला त्यांचा पुतण्या रवी होता. तो लातूरहून संगणकाचा कोर्स करून आला होता.

वर्गातल्या मशीन, म्हणजे संगणक, बिलानं घेतल्या होत्या. त्यांच्यासोबतची विंडोजही बिलानं. मराठी लिहिण्याचं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीचं, तेही दर मशीनला वेगळं खोकं फोडून घातलेलं. पुढे एका मासिकासोबत रवीला लिनक्सची सीडी मिळाली. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी, अशी होती. रवीनं ती त्याच मशीनवर दुसरी प्रणाली म्हणून बसवली. मशीन सुरू केली की पडद्यावर प्रश्न येई, कोणती उघडू? मुलींना त्याची मोठी गंमत वाटे. अडचण एकच होती. दुसऱ्या प्रणालीत मराठी नव्हती.

रवीनं बरेच दिवस खटपट केली. पुण्याच्या सॉफ्टवेअरमधली अक्षरांची फाईल आणि कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर यावं याची मांडणी त्यानं उचलली, आणि लिनक्सच्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये जोडून टाकली. पडद्यावर पहिल्यांदा ‘मल्लम्मा’ असं उमटलं, तेव्हा गुंडप्पांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी तिथंच ठरवलं. याच्या सीड्या काढायच्या, वर मल्लम्माचं नाव घालायचं, आणि पहिल्या पुण्यस्मरणाला आलेल्या मुख्याध्यापकांना वाटायच्या. मल्लम्माचं माहेर चकलांब्याचं. तिथल्या शाळेसाठीही एक वेगळी काढून ठेवली.

पुण्यस्मरणासाठी मुलगी रुद्राणी औरंगाबादहून आली. ती तिथं कॉलेजात संगणक शिकवत होती. तिनं सीडी मशीनमध्ये घालून पाहिली. रवीला मराठी कुठून आणली ते विचारलं. मग पुण्याचं खोकं मागून घेऊन आतला करारनामा उभ्या उभ्याच वाचला आणि वडिलांसमोर येऊन बसली.

“अप्पा, ही सीडी वाटता येणार नाही.”

“कावून? त्यात काय चोरीचं हाय? पुण्याचं बिल माझ्या फाईलला हाय. ते दुसरं तर फुकटच हाय.”

“फुकट आहे, पण बिनअटीचं नाही. लिनक्स करणारे म्हणतात, घ्या, बदला, वाटा. पण ज्याला द्याल त्याला हाच हक्क द्या, त्याच्यावर जास्तीचं बंधन घालू नका. आणि पुण्याची कंपनी म्हणते, एका मशीनपुरतं वापरा, पुढे कुणाला देऊ नका. एक म्हणते सगळ्यांना द्या, दुसरी म्हणते कुणालाच देऊ नका. रवीनं दोन्ही एकात शिवलं. आता ही सीडी दिली की एकीचा शब्द मोडणारच.”

“दोनी चोख हायेत म्हणतीस, आन् एकत्र केल्या की खोट? हे कसलं गणित?”

रुद्राणीनं समजावून सांगितलं. एका मशीनवर दोन प्रणाली शेजारी शेजारी राहिल्या, त्याला कुणाची हरकत नाही. एका घराच्या दोन खोल्यांत दोन भाडेकरू राहतात तसंच ते. अडचण एकीचं सामान दुसरीत घालून वाटायला काढलं तिथं आहे. पुण्याला फोन करून परवानगी विचारावी, असंही तिनं सुचवलं.

रवीनं एसटीडी बूथवरून फोन लावला. तिकडचा माणूस नीट बोलला. तुमचा हेतू चांगला आहे, पण ही अक्षरं काढायला आमच्या माणसांनी वर्षं घातली आहेत, ती अशी वाटता येणार नाहीत, असं त्यानं सांगितलं.

गुंडप्पांना ते पटलं नाही. मशीनवर अक्षर उमटतंय, लिहून होतंय, पुण्याला बसलेल्याला परळीत काय चाललंय ते दिसतंय थोडंच, असं ते म्हणाले. शेवटी त्यांचा आवाज चढला.

“चालतंय ना? मग झालं. तुज्या आईच्या नावाचं काम हाय ते. तुला त्यात खोडा घालायचा हाय का?”

रुद्राणीनं करारनामा खोक्यात परत ठेवला. आईचं नाव निघाल्यावर तिनं वाद सोडला.

पुण्यस्मरणाच्या पंगतीसाठी मठातून भांडी आणायची होती. मठाची कोठी भिवराबाई सांभाळत. त्यांनी ताटं मोजून काढली तर दिलेल्यापेक्षा बरीच कमी भरली. लगीनसराईत इकडं तिकडं झाली असतील, असं त्या म्हणाल्या. उरलेली ताटं सटवा मंडपवाल्याकडून भाड्यानं मागवावी लागली. पुण्यस्मरणाच्या दिवशी सकाळी त्याचा टेम्पो दारात लागला. बाया फोटोला हार घालत होत्या. गुंडप्पांना नुसतं बसवेना, म्हणून ते फडकं घेऊन ताटं पुसायला लागले.

सटवाच्या गठ्ठ्यातलं एक ताट त्यांनी पुसलं, उलटं केलं आणि ते थांबले. मागे नाव होतं. ‘म’ डावीकडे कललेला होता. त्यांनी खालचं ताट उलटलं. त्यावरही तेच. त्याच्या खालच्यावरही.

बायकोच्या पुण्यस्मरणाला बायकोच्याच नावाची ताटं भाड्यानं आली होती!

सटवाला बोलावलं. त्यानं ताट पाहिलं आणि डोकं खाजवलं.

“मालक, चोरी न्हाई केली, वैजनाथाची आन. कन्हेरवाडीच्या लग्नात मठाचीबी भांडी होती आन् माजीबी. बायांनी एकाच हौदावर घासली, गड्यांनी सगळी उचलून टेम्पोत टाकली. मठाचं स्टील चोख, माजंबी चोख. एकात एक गेलं, त्याला काय करता?”

“आन् भाडं घेत व्हतास ह्याचं?”

“सगळ्याच ताटांचं घेतो. येक येक उलटं करून नाव वाचत बसलो, तर मंडप कवा बांधू? आन् मालक, ताट ताटाचं काम करतंय. माणसं जेवतायत. चालतंय ना?”

तापलेला शब्द गुंडप्पांच्या जिभेवर होता, पण हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. परवाच त्यांनी ते स्वतः उच्चारलं होतं. रुद्राणी उंबऱ्यात द्रोणांची चळत घेऊन उभी होती. तिनंही ते ऐकलं होतं. ती बापाकडे न बघता आत गेली.

गुंडप्पा ताट हातात घेऊन ओट्यावर बसले. सटवाचा त्यांना राग आला होता, पण तो आता धरवेना. सटवानं चोरी केली नव्हती. त्यानं फक्त दोन अटींची भांडी एकात मिसळली, आणि देणाऱ्यानं काय शब्द घातला होता ते बघितलं नाही. कललेला ‘म’ कोरताना आपला हात किती दुखला होता ते त्यांना आठवलं. पुण्यातही कुणीतरी माणसं बसली असतील, एकेक अक्षर घासून पुसून नीट करत. त्यांचीही काही अट होती. ते दिसत नाहीत, म्हणून आपण ती मोडायला निघालो होतो.

पंगत उठल्यावर मुख्याध्यापक बसले होते. फोटोशेजारी सीड्यांची परडी होती. गुंडप्पा उठून उभे राहिले.

“सीडी देणार म्हणून तुमाला बोलावलं व्हतं. ती देत न्हाई. हिच्यात एकाची वस्तू दुसऱ्याच्या वस्तूत त्याला न विचारता घातली हाय. माज्या मल्लम्माच्या नावाखाली दुसऱ्याचा शब्द मोडायचा न्हाई मला. माफी असावी.”

मग चकलांब्याचे मुख्याध्यापक भगवानराव म्हणाले, “मी तर पिशवी आणली व्हती शेट. बरं, लाडू तरी न्यायची परवानगी हाय का, का त्यालाबी काही अट हाय?” लोक हसले, आणि गुंडप्पांना जरा मोकळं वाटलं.

सटवा स्वतः बसून ताटं वेगळी करू लागला. भिवराबाई हौदावर भांडी घासत होत्या. त्यांनी आपला घरचा तांब्या वर धरला आणि सहज म्हणाल्या, “हे बघा शेटजी, माज्या तांब्यावर अजून मल्लम्माचं अक्षर हाय. घासून घासून तळ झिजला, अक्षर न्हाई झिजलं.”

रवी तिथंच होता. त्यानं तांब्या हातात घेतला, उन्हात फिरवून पाहिला आणि रुद्राणीला हाक मारली. दुसऱ्याची अक्षरं कशाला हवी होती आपल्याला, असं तो म्हणाला.

पुढचं वर्ष भांड्यांवरची मल्लम्माची अक्षरं उतरवून संगणकावर आणण्यात गेलं. बाया डबे, कळश्या, पराती घेऊन दुकानात येत. भांड्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली की अक्षर कागदावर उठे. रवी ते संगणकावर काढी, रुद्राणी सुट्टीत येऊन तपासून देई. कळांची मांडणीही रवीनं नव्यानं केली, मुलींना विचारून. कुणाच्या आडनावातून ‘ढ’ मिळाला, कुणाच्या सासूच्या नावातून ‘झ’. ‘ङ’ मात्र कुणाच्याच भांड्यावर नव्हता. तो रवीनं स्वतः काढला. तो बाकीच्यांपेक्षा जरा वेगळा दिसतो आणि मुली त्याला रवीसरांचं अक्षर म्हणतात.

अक्षरं तयार झाली, तेव्हा त्यांची अट लिहायची वेळ आली. गुंडप्पांनी सांगितलं, “मठाच्या भांड्यांची जी, तीच लिही. ह्याचा पैसा कुणी घ्यायचा न्हाई.”

रुद्राणी थांबली. “अप्पा, तशी अट घातली तर ही अक्षरं त्या प्रोग्रॅममध्ये जोडून देता येणार नाहीत. घेणाऱ्यावर जास्तीचं बंधन नको, अशी तिकडची अट आहे. पैसे घेऊ नका, हेसुद्धा बंधनच झालं. पुन्हा दोन अटी भांडायला लागतील.”

“म्हणजे उद्या सटवानं तुज्या आईची अक्षरं विकली तरी?”

“विकली तरी. पण ज्यानं विकत घेतली त्याला तो अडवू शकणार नाही. तो माणूस पुढे शंभर जणांना फुकट देऊ शकेल.”

गुंडप्पा बराच वेळ समोरच्या मशीनकडे पाहत बसले, नाव घालायच्या मशीनकडे. अट ही त्यांची शेवटची मालकी होती. ती सोडली की मल्लम्मा कुणाच्याही घरी जाणार, कुणीही तिला नेणार, आणि त्यांना ते कळणारही नाही.

मग ते सावकाश म्हणाले, “ताट सटवाकडं गेलं तर मठाला कमी पडतं. म्हणून तिथं अट पायजे. अक्षर दिलं तरी आपल्यापाशी ऱ्हातंच. ते कितीबी जणांनी नेलं तरी कमी पडत न्हाई. मी कावून अडवू? जी त्यांची अट हाय तीच लिही. नाव तेवढं ऱ्हाऊ दे तिचं.”

दुसऱ्या पुण्यस्मरणाला नव्या सीड्यांची परडी फोटोशेजारी आली. सीडी देण्याआधी रवीनं उभं राहून तिची अट सगळ्यांना वाचून दाखवली. पंगतीला मठाची सगळी ताटं होती. सटवानं आपल्या ताटांना तळाशी लाल रंगाचा ठिपका लावला होता, आणि तो सगळ्यांना ताट उलटं करून दाखवत होता.

वाचकहो, आपल्या घरात आणि कचेरीत आज रोज नवी वस्तू येते आहे. कितीतरी वस्तूंना आता आकार नाही, वजन नाही. त्या नुसत्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जातात. म्हणून त्यांच्यामागे माणूस नाही असं समजू नका. बनवणाऱ्यानं वस्तूबरोबर आपला शब्दही दिलेला असतो. कुणी म्हणतो एकट्यानं वापर, कुणी म्हणतो सगळ्यांना दे. दोन्ही शब्द मान्य करून घेणं सोपं आहे, दोन्ही एकदम पाळता येतात का हे आधी बघणं आपलं काम आहे. पाळता येत नसतील तर त्या वस्तू शेजारी ठेवाव्यात, एकात मिसळू नयेत. आणि आपण स्वतः काही देणार असू तर असं द्यावं, की घेणाऱ्याला ते पुढे देता येईल.

त्या वर्षी चकलांब्याच्या शाळेत एका मुलीनं संगणकावर पहिल्यांदा आपलं नाव लिहिलं. भगवानरावांनी तो कागद गुंडप्पांना आणून दिला. त्यातला ‘म’ सरळ होता, मल्लम्माच्या हातचा.